तळ्याचा जुना बांध : पावसाआधी सांडवा बघा



मृग जवळ आला की आपली धांदल उडते. बियाणे आणायचे, खताची सोय करायची, औते दुरुस्त करायची, गोठ्याचे छप्पर शाकारायचे. शेतातले बांधसुद्धा आपण फिरून बघतो. पण गावाच्या डोक्यावर जे तळे आहे, त्याच्या बांधावर पावसाआधी कोण फिरते? बहुतेक गावांत कोणीच नाही. तळे सगळ्यांचे, म्हणून बघायचे काम कोणाचेच नाही, असे होऊन बसले आहे.

आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामावर झाले. आपल्या आजी-आजोबांनी उन्हातान्हात मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहून ते बांध घातले. त्या बांधांनी आता पन्नाशी गाठली आहे. मधल्या काळात तळ्याचा वापरही बदलला. कुठे मासे सोडले, कुठे नाव आली, कुठे बांधावर फिरायला वाट केली आणि बसायला बाकडी टाकली. सुट्टीला पाहुणे येतात, पोरे खेळतात. चांगलेच आहे. पण करमणुकीसाठी तळ्यात जे फेरफार होतात, तेच कधीकधी बांधाच्या मुळावर येतात. कसे, ते समजायला एक खरी हकीकत ऐका.

दूरदेशीची हकीकत

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाच्या ठिकाणी एक मातीचे धरण होते. उंची ७२ फूट, लांबी ९०० फुटांहून थोडी जास्त. सरकारने ते नौकांच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून बांधायला घेतले. काम १८३८ मध्ये सुरू झाले, मधे बरीच वर्षे अडले आणि १८५३ मध्ये पुरे झाले. काम चांगले होते. मातीचे थर पाणी मारून दाबून बसवले होते, दगडाचे अस्तर होते, आणि तळातून पाणी सोडायला ओतीव लोखंडाचे पाच मोठे नळ होते.

पण तोवर रेल्वे आली, कालव्याला कोणी विचारीना आणि धरण बेवारशी झाले. १८६२ मध्ये तळातल्या मोरीजवळ ते खचून फुटले. तळे अर्धेच भरलेले होते म्हणून फारसे नुकसान झाले नाही. पुढच्या एका मालकाने तळातले लोखंडी नळ काढून भंगारात विकले. नंतर १८७९ मध्ये श्रीमंत लोकांच्या एका शिकार आणि मासेमारीच्या क्लबने हे तळे घेतले. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी हेही त्या क्लबचे सभासद होते. तळ्याकाठी बंगले झाले, नावा आल्या, मासे सोडले.

आता क्लबने धरणाचे काय केले ते नीट लक्षात घ्या.

पहिली गोष्ट : खचलेला भाग माती, दगड, झाडाच्या फांद्या, गवत आणि शेण टाकून बुजवला. थर दाबून बसवले नाहीत. तळातले नळ परत बसवले नाहीत.

दुसरी गोष्ट : घोडागाड्यांना धरणावरून ये-जा करता यावी म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फुटांनी उतरवला. मधला भाग खचून आणखी खाली गेला होता, तोही तसाच राहिला.

तिसरी गोष्ट : महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावल्या.

धरणाच्या खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन नावाचे गाव होते. तिथल्या लोखंडाच्या कारखान्याने १८८० मध्ये आपला इंजिनिअर पाठवून धरण तपासून घेतले. त्याने दोन दोष दाखवले : पाणी सोडायला नळ नाही, आणि दुरुस्ती कच्ची असून तिथून पाणी झिरपते. कारखान्याने दुरुस्तीच्या खर्चाला हातभार लावायचीही तयारी दाखवली. क्लबने कळवले की, तुम्हाला काही धोका नाही.

नऊ वर्षे तशीच गेली. ३१ मे १८८९ ला आदल्या रात्रीपासून जोराचा पाऊस लागला. सकाळी बघतात तर पाणी माथ्याला टेकायला आलेले. सांडव्याच्या जाळ्यांत फांद्या आणि काडीकचरा अडकून सांडवा तुंबलेला. माणसे लावून जाळ्या काढायचा प्रयत्न केला, निघाल्या नाहीत. दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदायला घेतला, कठीण जमीन लागली. नांगर फिरवून माथ्यावर मातीची वरंब घातली, तीही टिकली नाही. तळात नळच नव्हते, तर पाणी सोडणार कुठून? दुपारी तीनच्या सुमाराला मधल्या खचलेल्या भागावरून पाणी वाहू लागले आणि धरण गेले. तासाभरात पाण्याचा लोंढा जॉन्सटाउनवर आला. २,२०० हून जास्त माणसे मेली. ९९ घरे अशी की, घरातले एकही माणूस उरले नाही.

खालच्या गावांना त्या दिवशी सूचना पाठवली होती. पण दर पावसाळ्यात ‘धरण फुटणार’ अशी आवई उठायची आणि काही व्हायचे नाही. लांडगा आला रे आला म्हणतात, त्यातली गत. लोक घरातच बसले.

बांध म्हातारा होऊन मरत नाही

आता तुम्ही म्हणाल, ते धरण जुने झाले होते म्हणून फुटले. तसे नाही. आपले पानशेत मातीचेच धरण होते आणि नवे होते, पहिल्यांदाच भरत होते, तरी १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुण्यात पूर आला. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरणही फार जुने नव्हते. ते २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. नंतर खेकड्यांवर बोट ठेवले गेले. खेकडा बीळ करतो हे खरे. पण दिसलेले बीळ बुजवणे हे माणसाचे काम आहे.

उलट नीट राखलेले मातीचे बांध शंभर-दोनशे वर्षेसुद्धा टिकतात. तेव्हा वय हे कारण नव्हे. मातीचा बांध मुख्यतः तीन प्रकारे जातो.

एक, वरून. पाणी माथ्यावरून वाहू लागले की ते पलीकडच्या उतारावर माती कापत येते. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो काही वेळ तग धरतो. मातीचा बांध तास-दोन तासांत जातो.

दोन, आतून. बिळातून, कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून किंवा नळाच्या कडेने पाण्याला वाट मिळाली की ते मातीचे कण बरोबर घेऊन निघते. वाट रुंदावत जाते आणि शेवटी बांधाच्या पोटात बोगदा होतो.

तीन, घसरून. भिजून जड झालेला उतार खाली बसतो आणि माथ्याला लांब भेग पडते.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बांध बहुतेक वेळा आधी खूण दाखवतो. ती बघणारा माणूस गावात पाहिजे.

सांडव्याचे साधे गणित

बऱ्याच जणांना वाटते, सांडव्यावर वीतभर पोती ठेवली तर काय बिघडले? तेवढेच पाणी जास्त राहील, दोन विहिरींना जास्त पाझर येईल. इथेच चूक होते.

सांडव्यावरून किती पाणी जाते, हे त्याच्यावर पाण्याची जाडी किती चढते यावर ठरते. जाडी दुप्पट झाली की पाणी दुप्पट नव्हे, पावणेतीन पटीहून थोडे जास्तच जाते. जाडी चौपट झाली की आठपट जाते. उलटही तसेच. समजा, सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत चार फूट अंतर आहे. तुम्ही उंबऱ्यावर एक फुटाची पोती रचली, किंवा ट्रॅक्टर जावा म्हणून माथा एक फूट उतरवला. राहिले तीन फूट. उंची चौथाईनेच कमी झाली, पण काठोकाठ पाणी धरले तरी सांडव्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त कमी झाली. शिवाय चार फुटांतले वरचे काही फूट लाटांसाठी आणि मोठ्या पुरासाठी मोकळे ठेवलेले असतात. ते भरायचे नसतात. साउथ फोर्कला माथा उतरवल्याने आणि जाळ्या लावल्याने नेमके हेच झाले होते.

हे आपल्याकडे होत नाही असे समजू नका. गेल्या पावसाळ्यात मी एका गावच्या तळ्यावर गेलो होतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर नायलॉनची जाळी बांबूला आवळून बांधलेली. जाळीत बेशरमाच्या काड्या, पाचट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून हातभर उंचीची भिंतच झाली होती. तळे मात्र झकास दिसत होते. बांधावर पोरे बसली होती, खाली पायथ्याशी चार घरे आणि गोठा. गावातल्या चार जाणत्यांना घेऊन त्याच दिवशी जाळी काढली. ज्याचे मासे होते तो रागावला. त्याचेही नुकसान आहे, हे मान्य. म्हणून मासे सोडण्याचा करार करतानाच ग्रामपंचायतीने अट घालावी : पावसाळ्यात सांडव्यावर जाळी नाही. मासे वाचवायचे तर जाळी सांडव्याच्या तोंडावर न लावता तळ्यात बरीच आत लावावी. तीही कशी लावायची ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला विचारून ठरवावे.

बांधावर एक फेरी : काय बघायचे

रोहिणी लागल्यावर गावातली चार-पाच माणसे एकत्र जा. बरोबर विळा, कुऱ्हाड, लांब दोरी, पाणसळ आणि वही घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माथ्यावरून जा, परत येताना पायथ्याने या.

१. सांडवा : तोंडाशी जाळी, पोती, झुडपे, गाळ, गवताच्या गंजी काही नको. सांडव्याच्या पुढे पाणी जायचा चरही मोकळा हवा. त्या चरात कोणी शेत वाढवले असेल तर आत्ताच बोला. पूर आल्यावर बोलून उपयोग नाही.

२. माथा : दोरी आणि पाणसळ लावून बघा. गाडीवाटेने किंवा गुरांच्या जाण्या-येण्याने कुठे खोलगट झाला आहे का? पाणी वरून जाणार असेल तर तिथूनच जाणार. बांधावरची माती घरासाठी किंवा रस्त्यासाठी कोणी नेली असेल तर ती जागा वहीत लिहा.

३. भेगा : काळ्या मातीला उन्हाळ्यात बारीक भेगा पडणारच. त्यांत माती भरून, थोडे पाणी मारून धुमसाने दाबा. पण माथ्यावर लांबच लांब भेग असेल आणि तिची एक बाजू खाली बसली असेल तर ते दुखणे वेगळे. ते इंजिनिअरला दाखवा.

४. झाडे : बांधावर हरळी किंवा मारवेल चांगले. मुळांची जाळी माती धरून ठेवते. पण बाभूळ, निलगिरी, पिंपळ नको. वाऱ्याने झाड उन्मळले की बांधाला खड्डा पडतो, आणि झाड मेले की मूळ कुजून पाण्याला पोकळी मिळते. मनगटाएवढी रोपटी आत्ताच काढा आणि खड्डा दाबून बुजवा. मोठे झाड मात्र आपल्या मनाने तोडू नका. त्याची मुळे कशी काढायची आणि जागा कशी भरायची हे जाणकाराकडून ठरवून घ्या. झाडे लावून तळे शोभिवंत करायची हौस असेल तर ती काठावर लावा, बांधावर नको.

५. बिळे : घूस, उंदीर, खेकडे, साळिंदर. वारूळही बघा. बीळ नुसते तोंडाशी बुजवू नका. खणून मागापर्यंत जा आणि चिकण माती थराथराने दाबून भरा. बीळ बांधात फार खोल जात असेल तर खणणे थांबवा आणि खात्याला कळवा.

६. पाण्याकडची बाजू : दगडाचे अस्तर निसटले असेल तर दगड परत बसवा. लाटा तिथेच माती खातात.

७. तळातला नळ : झडप असेल तर ती उघडते-मिटते का, हे पाणी कमी असतानाच बघा. साउथ फोर्कला अडचणीच्या वेळी पाणी सोडायला वाटच नव्हती, हे विसरू नका.

बरणीची परीक्षा

पाझर तलावातून पाणी मुरणारच. त्यासाठीच तो आहे. खालच्या विहिरींना पाणी वाढले म्हणून घाबरू नका. पण ते पाणी तळाच्या जमिनीतून मुरले पाहिजे, बांधाच्या अंगातून नव्हे. बांधाच्या पायथ्याशी कुठे ओल, हिरवे गवत किंवा झरा दिसला तर तिथे खुंटी मारून खूण करा आणि दोन गोष्टी करा.

झऱ्याचे पाणी काचेच्या स्वच्छ बरणीत भरून तासभर स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला तर समजा, पाणी बांधाची माती घेऊन येत आहे. मग, दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. तळ्यातली पाण्याची पातळी तेवढीच असताना बादली लवकर भरू लागली तर आत वाट रुंदावते आहे. पाणी स्वच्छ आणि तेवढेच असेल तर लक्ष ठेवा. गढूळ झाले किंवा वाढले तर त्याच दिवशी तहसील कार्यालयाला आणि पाटबंधाऱ्याच्या माणसांना कळवा.

पाणी चढत असेल, तर

आधी माणसे आणि गुरे हलवा, मग बांधाचे बघा. पायथ्याची आणि ओढ्याकाठची घरे सर्वांत आधी. रात्र असेल तर सकाळची वाट बघू नका.

तळातली झडप उघडा. वेळ मिळाला तर मोटारी आणि पंप लावून पाणी कमी करा. सांडवा तुंबला असेल तर कडेला उभे राहून, कमरेला दोर बांधून लांब बांबूने मोकळा करा. वाहत्या पाण्यात उतरू नका.

पायथ्याशी गढूळ झरा उसळत असेल तर त्याच्या तोंडात चिकण माती कोंबू नका. पाणी आत कोंडून दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाका. पाणी गाळून बाहेर येते, माती आत राहते. पण झरा जोरात असेल तर बांधाजवळ कोणी थांबायचे नाही. आणि कितीही घाबरलात तरी बांध आपल्या हाताने कापू नका. मातीत कापलेली वाट आवरत नाही.

धोका टळल्यावर तळे उपसायचे असेल तर सावकाश उपसा, दिवसाला साधारण फूटभर. एकदम पाणी उतरवले तर आतल्या बाजूचा भिजलेला उतार घसरतो.

तोंडी नको, लेखी द्या

आधी तळे कोणत्या खात्याचे आहे ते ग्रामपंचायतीकडून विचारून घ्या. फेरीत जे दिसले त्याचा अर्ज लिहा. कुठे, काय, किती, कोणत्या तारखेला हे स्पष्ट लिहा. मोबाइलवर फोटो काढून जोडा. ग्रामसभेत ठराव करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. उत्तर आले नाही तर दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्या. जॉन्सटाउनच्या इंजिनिअरने दोष बरोबर दाखवले होते. पण पाठपुरावा मागे पडला, आणि कागद कागदच राहिला.

तहसीलच्या नियंत्रण कक्षाचा नंबर चावडीवर आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. धोक्याची एकच खूण ठरवा, देवळाची घंटा म्हणा किंवा भोंगा म्हणा, आणि ती गमतीसाठी कधीही वाजवू देऊ नका. एकदा खोटी वाजली की खऱ्या वेळी कोणी उठत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सांडव्यावर जाळी नाही, पोती नाहीत, झुडूप नाही.
• बांधाचा माथा सपाट, कुठेही खोलगट नाही.
• बांधावर गवत चालेल, झाड नाही.
• बीळ दिसले की त्याच आठवड्यात बुजवा.
• स्वच्छ झरा : लक्ष ठेवा. गढूळ झरा : लगेच कळवा.
• शंका आली की माणसे आधी हलवा.

बंधू-भगिनींनो, तळ्यात मासे वाढवा, नाव फिरवा, पाहुण्यांना तळे दाखवा. त्यात वाईट काही नाही. पण बांध घालताना मागच्या पिढीने सांडवा जेवढा ठेवला, तेवढा विचार करून ठेवला आहे. तो अडवायचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्याची किंमत बांधाखाली झोपलेली माणसे देतात. या रविवारी फेरी काढा. तासाभराचे काम आहे.